नवसाचे मासे

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. गल्लीत उभं राहून दोन दगड भिरकावले, तर एक सर्जनच्या गाडीवर पडेल आणि दुसरा भूल देणाऱ्याच्या. अशा गावात देवदत्त सातपुत्यांनाही लोक डॉक्टर म्हणायचे, आणि फौजेतून हवालदार म्हणून परत आलेल्या या माणसाला ते मनातून फार आवडायचं. वरवर मात्र ते म्हणायचे, "आमच्या पेशंटला जीभ नाही, म्हणून आमचं निभावतंय."

पेशंट म्हणजे मासे. अकरा दवाखान्यांच्या बाहेरच्या खोल्यांत अकरा काचेच्या टाक्या, आणि त्या सगळ्या हवालदारांच्या ताब्यात. बंगालकडच्या छावणीत असताना ऑफिसर मेसमधल्या टाकीची ड्यूटी त्यांच्या गळ्यात पडली होती, तिथं ते हे शिकले. स्कूटरला दोन्ही बाजूंनी दोन कॅन, पायाशी गुंडाळलेली रबरी नळी, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पाण्याचा थर्मामीटर. वय एकसष्ट, मिशी अजून फौजेतच.

त्यांचं खरं काम पाणी बदलायचं नव्हतं. खरं काम होतं मेलेला मासा कुणाच्या दृष्टीस पडू न देण्याचं. आपल्याकडं समजूतच आहे, की घरातला मासा मेला म्हणजे घरावरची पीडा घेऊन गेला. घरात ही समजूत बरी वाटते. पण दवाखान्याच्या बाकावर चाळीस माणसं जीव मुठीत धरून बसलेली असतात. तिथं सकाळी एक मासा पोट वर करून तरंगला, की तो कुणाची पीडा घेऊन गेला यावर कुजबुज सुरू होते. अमक्याची घेतली म्हणजे आपल्याची राहिली, असा हिशेब माणसं मनात करतात, आणि रडारड होते. हवालदारांनी हे सुरुवातीला एक-दोनदा पाहिलं आणि नियम केला. सहाच्या ठोक्याला पहिला दवाखाना. मेलेला मासा जाळीत घ्यायचा, त्याच रंगाचा, त्याच मापाचा दुसरा सोडायचा. घरी त्यासाठी जोडीचे मासे तयार असायचे. पत्नी शरयू म्हणायची, "तुमच्या दवाखान्यात माणसं मरतात, मासे कधीच मरत नाहीत."

या टाक्यांचा राजा म्हणजे ऑस्कर. हा मूळचा कुठल्या तरी दूरच्या उष्ण देशातला मासा. तळहाताहून मोठा होतो, काळ्या अंगावर निखाऱ्यासारखे पट्टे, शेपटीशी डोळ्यासारखा गोल ठिपका. माणूस ओळखतो, हातातून खाऊन जातो, आणि पाणी गार झालं की रुसल्यासारखा एका कुशीवर पडून राहतो. त्याच्यासाठी टाकीत पाणी गरम करायची कांडी लावावी लागते. बाकावर बसलेली माणसं त्याच्याशीच बोलायची.

नऊ वर्षांपूर्वी आटपाडीकडची एक बाई अशीच त्याच्याशी बोलत बसली होती. दगडाबाई तिचं नाव. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि नवरा आत आयसीयूत नळ्या लावून पडलेला. अकरा दिवस तिनं टाकीसमोरचा बाक सोडला नाही. बाराव्या दिवशी नवऱ्यानं डोळे उघडले, आणि घरी सोडायच्या दिवशी ही बाई हवालदारांपुढं येऊन उभी राहिली.

"सायेब, अकरा राती ह्यो माझ्यासंगं जागा हाय. आमचा मानूस सुटला. आता ह्याला बी सोडा."

मोठे डॉक्टर त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, सोडा की हवालदार, काय बिघडतं. डिसेंबर महिना होता. कृष्णाघाटावर दगडाबाईनं माशाला हळदीकुंकू दाखवलं आणि हवालदारांनी तो पाण्यात सोडला. अठ्ठावीस अंशांच्या पाण्यातनं थेट सकाळच्या त्या गारठ्यात. मासा दोन हात खाली गेला, वर आला, कुशीवर झाला आणि पायरीला येऊन लागला. दगडाबाईनं त्याला बोटानं पुढं ढकललं. तो परत आला. मग ती मटकन खाली बसली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

हवालदारांना काय बोलावं ते सुचलं नाही. त्यांनी मासा रुमालात गुंडाळला आणि गाडीपर्यंत तिच्यामागं चालत गेले. गाडीत तिचा नवरा काचेला डोकं टेकून बसला होता, चांगला जागा, बायकोकडं बघून हसत. आणि ती अशी चढली, जशी मैताच्या गाडीत चढावी. तो चेहरा हवालदारांच्या मनातून गेला नाही. तीन लढाऊ ठाण्यांवर राहून आलेला माणूस, पण त्या चेहऱ्यापुढं हरला.

गोष्ट मात्र दवाखान्यात पसरली, आणि अर्धीच पसरली. माणूस बरा झाला की मासा सोडायचा, एवढीच. महिन्याभरात दुसरं कुटुंब आलं. नाही म्हणायची सोय नव्हती, माणसं पाया पडायची. पण पुन्हा घाट नको, हे हवालदारांनी ठरवलं होतं. ज्याला सोडायचं तो जगलाच पाहिजे. फौजी माणूस, त्यानं कामाला सुरुवात केली. आठवडाभर थर्मामीटर घेऊन विहिरी पाहिल्या, तळी पाहिली, कालवे पाहिले. आणि गावाबाहेर दहा-बारा किलोमीटरवर, एका साखर कारखान्याच्या मागच्या ओढ्यात हात घातला तर ओढा कोमट.

कारखान्याचं पाणी म्हटलं की काळं आणि नाक धरायला लावणारं पाणी आपल्याला आठवतं. हे तसलं नव्हतं. यंत्रं थंड करून आलेलं पाणी एका मोठ्या पाइपातनं ओढ्यात पडत होतं, वाफा निघत होत्या, पण तळाचे खडे दिसत होते. पाऱ्यानं एकोणतीस दाखवलं. त्यात आणखी एक मेळ असा, की ऊस दिवाळीनंतर गाळायला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला थांबतात. म्हणजे जेवढे महिने थंडी, तेवढे महिने कारखाना पाणी तापवणार, आणि पुढं ऊन आहेच. हवालदारांना वाटलं, ही तर देवाचीच योजना. देवाला उगाच मध्ये ओढायची आपल्याला सवय असते.

तिथून पुढं सात वर्षांत पन्नासेक मासे त्या ओढ्यात गेले. माणसं नारळ घेऊन यायची, मासा पाण्यात शिरताना बघायची, आणि तो झपकन खाली गेला की हात जोडायची. एकही काठाला परत आला नाही. हवालदारांना त्या वेळी जे समाधान वाटायचं, ते त्यांना फौजेच्या पदकानंही दिलं नव्हतं.

त्यातला एक मासा घरचा होता. मुलगा अनीश साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला. त्याची ओवी तीन वर्षांची असताना तिच्या काळजाला भोक निघालं आणि ऑपरेशन मिरजेतच झालं. त्या वेळी शरयूनं स्वतः मासा निवडला. टाकीतला सगळ्यात थोराड, पण उजवा डोळा गरम कांडीला घासून पांढरा झालेला. "याचं काहीतरी कमी आहे आणि तरी हा उभा आहे," ती म्हणाली. त्याला ओढ्यात सोडताना ती गुडघाभर पाण्यात उतरली होती. नंतर दरवर्षी ओवीच्या वाढदिवसाला ती हवालदारांना विचारायची, "दिसला का हो?" आणि हवालदार खरंच जाऊन बघून यायचे. एकडोळ्या पाइपाच्या तोंडाशी असायचा. पोळीचा तुकडा टाकला की डाव्या अंगानं वळून यायचा.

सगळं असं सुरळीत चाललं होतं, आणि मग बनाबाई आली.

बनाबाई भोई त्याच ओढ्याच्या काठची. नवरा गेल्यापासून ओढ्यातली झिंगे, मळे, वाम अशी मासळी धरून आठवडी बाजारात विकायची, तेच तिचं पोट. दोन वर्षांपूर्वी तिच्या भाच्याचा हात मोडला म्हणून ती दवाखान्यात आली आणि टाकीसमोर थांबली ती थांबलीच. हवालदार काच पुसत होते.

"आवं, ह्योच की त्यो," ती म्हणाली. "डॉक्टरसायब, ह्येनंच माजा वढा खाल्ला बगा."

"काय झालं, बाई?"

"झिंगा ऱ्हायला न्हाई. मळं न्हाईत. जाळं टाकलं की ह्येच. बारकी पिल्लं, मोठी, समदी ह्येच. बाजारात कोन घेत न्हाई, म्हंत्यात ह्ये काय जनावर हाय. कुठनं आलं आसंल वो ह्ये?"

हवालदारांच्या हातात फडकं होतं. फडकं पिळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माणूस खोटं बोलायचं ठरवू शकतो. "पुरात आले असतील," ते म्हणाले. "महापुरात सांगलीत कितीतरी घरं बुडाली, टाक्या फुटल्या."

सांगली-मिरजेत पुरावर काहीही ढकललं तरी चालतं, एवढं त्यानं नेलंय. बनाबाईनं मान हलवली. "असंल. पुरानं लय घान आनून टाकली." आणि वर म्हणाली, "तुमाला म्हाईत हाय माशातलं. काय विलाज सुचला तर सांगा."

त्याच संध्याकाळी हवालदार ओढ्यावर गेले. सात वर्षांत त्यांनी तिथं फक्त पाइपाचं तोंड बघितलं होतं. आता ते काठाकाठानं खाली चालत गेले. जिथवर पाणी कोमट, तिथवर ऑस्कर. दगडाआड जोड्या अंड्यांवर पहारा देत होत्या, काडीएवढ्या पिल्लांचे थवे फिरत होते. ओढ्यातलं म्हणावं असं दुसरं काही पाण्यात दिसलं नाही. पावसाळ्यात यातले किती कृष्णेत गेले असतील, हे मनात आलं आणि त्यांनी ते मनातून काढलं. सोडलेला मासा जगावा, एवढंच त्यांनी बघितलं होतं. जगला की तो खाणार आणि वाढणार, हे टाक्या सांभाळणाऱ्या माणसाला सुचू नये, याची त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यानंतर त्यांनी नवसाचे मासे सोडणं बंद केलं. टाकीत रोग आहे, असं सांगायला लागले. पण बनाबाईला काही सांगितलं नाही. दोन वर्षं.

विलाज त्यांना माहीत होता. दवाखान्याची वीज गेली की ऑस्कर ताठरतात आणि जिथं थोडी ऊब उरली असेल तिथं गोळा होऊन पडतात. हातानं उचलून घ्यावेत असे. ऐन थंडीत कारखाना चार दिवस बंद पडला, तर ओढ्यातले सगळे पाइपाच्या तोंडाशी येतील. पण ऐन हंगामात कारखाना बंद कशाला पडेल? ही पळवाट होती, आणि हवालदार तिच्यात आरामात राहत होते.

या जानेवारीत अवकाळी पाऊस झाला. दोन दिवस असा कोसळला, की उसाच्या फडात गाड्या चाकापर्यंत रुतल्या. ऊस येईना म्हणून शनिवारी कारखाना थांबला. रविवारी आभाळ फाकलं आणि कडाक्याची थंडी पडली. दुपारी बनाबाईचा फोन आला. "डॉक्टरसायब, पाइपाचं पानी बंद झालंय. मासं गपगार पडल्याती. काय करू?"

फोन ठेवून हवालदार वळले तर स्वयंपाकघराच्या दारात शरयू उभी होती. ओवीचं दुसरं ऑपरेशन बुधवारी ठरलं होतं. पहिल्या वेळचं काहीतरी थोडं राहिलं होतं, वाढत्या वयात ते करावं लागणार होतं. अनीश मंगळवारी तिला साताऱ्याहून घेऊन येणार होता.

"तुम्ही जाणार," शरयू म्हणाली.

"चारच दिवस मिळतील. रस्ते सुकले की ऊस सुरू."

"बुधवारपर्यंत थांबा."

"गुरुवारी पाणी पुन्हा गरम झालं तर काय उपयोग?"

"तिथं तो आहे."

"त्याला वेगळा काढतो. घरी टाकी तयार ठेवतो."

"नवसाला सोडलेला परत कोंडायचा?" शरयू म्हणाली. मग आवाज उतरवून बोलली, "मला कळतं हो, तो मासा आहे. ओवीच्या काळजाशी त्याचं काही नाही, हेही कळतं. पण तो आहे म्हणून मला चार वर्षं झोप लागली. तो जगला पाहिजे. बाकी तुम्ही काय करायचं ते करा."

हवालदारांचा या असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. निदान तसं ते सांगायचे. पण त्यांनी घरची टाकी धुतली, पाणी भरलं, कांडी लावली आणि पारा अठ्ठावीसवर येईपर्यंत तिच्यापाशी उभे राहिले.

सोमवारी सकाळी ते ओढ्यावर पोचले तेव्हा बनाबाई काठावर शेकोटी करून बसली होती. पाइपाच्या तोंडाशी मासे एकावर एक पडले होते, कल्ले जेमतेम हलत होते. थर्मामीटर सतरा दाखवत होता.

"बनाबाई, आधी एक सांगायचंय," हवालदार म्हणाले. "हे पुरात आले नाहीत. मी सोडलेत. दवाखान्यात लोक बरे झाले की नवस म्हणून सोडायचो. हे पाणी गरम म्हणून मुद्दाम इथंच आणले. दोन वर्षांपूर्वी तुम्हाला खोटं सांगितलं."

बनाबाईनं काठीनं निखारा सारखा केला.

"नवसाचं म्हंजी, बरं झालेल्या मानसांच्या नावानं?"

"हो."

"मग मी ह्यास्नी हात लावायची न्हाई," ती उठली. "मी मासं मारूनच प्वाट भरलं, पर देवाच्या नावानं सोडलेला मारला न्हाई कवा. कुनाच्या लेकराचं आसंल, कुनाच्या धन्याचं. त्ये पाप माज्या गळ्यात नगं." तिनं जाळं त्यांच्या पायाशी टाकलं. "तुमी सोडलं, तुमीच काडा. मी काठावर ऱ्हाते."

तिच्या बोलण्यात राग असता तर हवालदारांना सोपं गेलं असतं. त्यांनी पँट गुडघ्यावर गुंडाळली आणि पाण्यात उतरले.

चाळीस वर्षांत या माणसानं एक मासा मारला नव्हता. माळ घातलेली नव्हती, पण हातून झालं नव्हतं. आता ते वाकून दोन्ही हातांनी मासे उचलत होते आणि पाटीत टाकत होते, पाटी भरली की उसाच्या बांधाला खणलेल्या खड्ड्यात ओतत होते. गारठलेले मासे फडफडतसुद्धा नव्हते. तेवढीच दया. काही मासे त्यांच्या ओळखीचे निघाले. एकाची शेपूट तुटलेली, एक फिकट, जवळजवळ पिवळा. हा कुणाचा होता? विट्याच्या त्या मास्तरांचा? मास्तर मागच्या आषाढात वारले की नाही? असले विचार येऊ नयेत म्हणून ते मोजत राहिले. सोमवारी तीनशे बारा झाले. पिल्लांना गणती नव्हती.

एकडोळ्या सापडला मंगळवारी दुपारी, पाइपाच्या अगदी आत. हवालदारांनी खांद्यापर्यंत हात घातला आणि तो हाताला लागला. दीड किलोचा तरी असेल. बाहेर काढला तर डाव्या डोळ्यानं त्यांच्याकडं बघत होता, निदान त्यांना तसं वाटलं. त्यांनी तो ओढ्याच्याच पाण्यानं भरलेल्या कॅनमध्ये ठेवला. एकदम गरम पाण्यात घालून चालत नाही, हे त्यांना माहीत होतं. थर्मासमधलं पाणी वाटी-वाटीनं, दहा-दहा मिनिटांनी घालत, गाडी थांबवत ते मिरजेकडं निघाले. जन्मभराचं सगळं शिक्षण त्यांनी त्या कॅनवर लावलं.

रेल्वे फाटक बंद होतं. त्यांनी झाकण उघडलं. मासा कुशीवर पडला होता. ऑस्कर रुसून कुशीवर पडतात, म्हणून ते थांबले. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न मारायला लागले, तरी ते थांबले. मग त्यांनी बोटानं कल्ला उघडून पाहिला. चार वाजले होते.

घरी आले तर घर रिकामं. सगळी दवाखान्यात, ओवी दाखल झाली होती. कांडी लावलेली टाकी स्वच्छ, कोमट, वाट बघत होती. शेजारच्या टाकीत त्यांचे जोडीचे मासे होते. त्यांत एक ऑस्कर तसाच, त्याच रंगाचा, मापाला थोडा कमी. एवढं शरयूला कळलं नसतं. फरक एकच होता, याला दोन डोळे होते.

हवालदारांनी तो मासा ओल्या फडक्यात धरला आणि चिमटा हातात घेतला. आजवर शेकडो मासे बदलले होते, शेकडो माणसांना धीर दिला होता. हा शेवटचा. उद्याचा दिवस निघाला पाहिजे. फडक्यात मासा तोंड उघडत होता, मिटत होता. त्यांनी चिमटा पुढं नेला, आणि हात मध्येच थांबला. दोन दिवसांत तो हात इतकं करून आला होता, पण जिवंत माशाचा डोळा काढणं त्याला जमेना. त्यांनी मासा परत पाण्यात सोडला आणि चिमटा मोरीत टाकला.

बुधवारी साडेसातला ओवीला आत नेलं. जाताना ती आजोबांना म्हणाली, "माझा मासा घरी आणलात ना?" हवालदारांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेवढ्यात दार बंद झालं. अनीश आणि सूनबाई दाराशीच उभी राहिली. शरयू बाहेर टाकीसमोरच्या बाकावर येऊन बसली. हवालदार शेजारी बसले. तो बाक त्यांनी रोज पुसला होता, त्याच्यावर बसून टाकीकडं कधी बघितलं नव्हतं.

"खातोय का?" शरयूनं विचारलं.

दुपारपर्यंत थांबायचं त्यांनी ठरवलं होतं. ऑपरेशन होऊ दे, मग सांगू. पण बनाबाईला खरं सांगितल्यापासून खोट्याची घडी विसकटली होती.

"तो गेला, शरयू," ते म्हणाले. "मी आणत होतो. सगळं नीट केलं. वाटेत गेला."

शरयूनं त्यांच्याकडं बघितलं नाही. टाकीतले बुडबुडे वर येत होते, त्यांच्याकडं ती बघत राहिली. हवालदारांना वाटलं, आता ती पदर तोंडाला लावणार.

"कधी?"

"काल. चारला."

"म्हणजे आधी," ती म्हणाली. "ओवीला आत न्यायच्या आधी." तिचा खांदा हळूच सैल झाला. "मग घेऊन गेला तो. माझ्या पोरीचं सगळं घेऊन गेला." आणि तिनं टाकीला हात जोडले.

हवालदारांच्या छातीवरचा धोंडा उतरला. आणि तो उतरता उतरताच त्यांना कृष्णाघाट दिसला. दगडाबाई पायरीवर बसलेली, मासा पायाशी. तिथं हेच एक वाक्य बोलायचं होतं. मावशी, तो तुमच्या धन्याची पीडा घेऊन गेला. ती तिथंच हात जोडून, हसत गाडीत चढली असती. समजूत तिचीही होती, हवालदारांना पाठ होती. पण मेलेला मासा लपवता लपवता, तो दिसल्यावर काय बोलायचं असतं तेच ते विसरले होते. ते एक वाक्य बोलले असते, तर कोमट ओढा शोधायला निघावं लागलं नसतं. बनाबाईचे झिंगे राहिले असते. आणि आटपाडीकडं ती बाई नऊ वर्षं नवऱ्याच्या प्रत्येक खोकल्याला दचकत असेल, हेही झालं नसतं. ते बाकावर बसून रडले. शरयूला वाटलं ओवीसाठी. तिनं त्यांचा हात धरून ठेवला.

ओवीचं ऑपरेशन चांगलं झालं. दुपारी एकला डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं.

रविवारी हवालदार ओढ्यावर गेले. कारखाना गुरुवारीच सुरू झाला होता. पाइपाचं पाणी पडत होतं, वाफा निघत होत्या. बनाबाई चाळणी घेऊन पाण्यात उभी होती.

"झिंगा दिसला का?" त्यांनी विचारलं.

तिनं चाळणी पुढं केली. चाळणीत नखाएवढी सात-आठ पिल्लं होती, प्रत्येकाच्या शेपटीशी डोळ्यासारखा ठिपका.

"ही काय नवसाची न्हाईत," बनाबाई म्हणाली. "हितंच जल्मल्याती. ही मी काडीन. तुमी मोठी बगा." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "नातीचं कसं हाय?"

"बरं आहे."

"चांगलं झालं."

हवालदारांनी पँट गुंडाळली आणि पाण्यात उतरले. सवयीनं खिशातला थर्मामीटर काढून पाण्यात धरला. एकोणतीस.